चिपाडाची राख, सिमेंट आणि पेटंटचे परीक्षण

सोलापूर जिल्ह्यात दोन प्रकारची राख विपुल प्रमाणात निर्माण होते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी येथे एनटीपीसीचे औष्णिक वीजकेंद्र असून त्याचे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ व २०१९ साली कार्यान्वित झाले. तेथे जळणाऱ्या दगडी कोळशाची उडती राख ही पहिली. जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये उसाचे चिपाड, म्हणजेच बगॅस, जाळल्यावर उरणारी राख ही दुसरी. शहराजवळ होटगी येथे सिमेंट दळण्याचा कारखाना आहे, आणि पूर्वेकडे वाडी, शहाबाद व मळखेड ह्या भागांत चुनखडीचे विस्तीर्ण थर पसरलेले आहेत. ज्या शहाबादी फरशीवर सोलापूरकरांची घरे उभी आहेत तो दगड व सिमेंटचा कच्चा माल हे एकाच प्रदेशातील होत. अशा ठिकाणी रसायनशास्त्राचा अथवा स्थापत्याचा अभ्यासक राखेपासून सिमेंटला पर्याय शोधू लागला, तर त्यात नवल ते काय?

असा पर्याय प्रयोगशाळेत सिद्ध झाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो पेटंटचा. त्याचे उत्तर बहुधा पदार्थाच्या उपयुक्ततेवरून दिले जाते. राखेची विल्हेवाट लागते, सिमेंट वाचते, खर्च कमी होतो, तेव्हा पेटंट मिळावयास हरकत नसावी, अशी समजूत असते. परीक्षकाची दृष्टी मात्र वेगळी असते. पदार्थ उपयुक्त आहे हे तो मान्य करील. परंतु त्याचे खरे प्रश्न तीन. ह्यातील कोणती गोष्ट आजवर ठाऊक नव्हती? एकत्र आणलेली द्रव्ये परस्परांवर काही नवे कार्य घडवितात, की केवळ शेजारी शेजारी राहतात? आणि दिलेले वर्णन वाचून दुसऱ्या कुशल माणसास तोच पदार्थ करता येईल काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे अर्ज लिहिताना तयार करता येत नाहीत. ती प्रयोगाच्या आखणीतच असावी लागतात, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

द्रव्यांची ओळख

पोर्टलँड सिमेंटचा गाभा म्हणजे क्लिंकर. चुनखडी व चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानात भाजून तो तयार होतो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० किलोग्रॅमांमधून भाजताना ४४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो व ५६ किलोग्रॅम चुना उरतो. क्लिंकरमध्ये चुन्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असते. म्हणजे एक टन क्लिंकरमागे केवळ चुनखडीच्या विघटनाने अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो, आणि भट्टीतील इंधनाचा वायू ह्याहून वेगळा. इंधन कितीही काटकसरीने वापरले तरी हा पहिला भाग टळत नाही. क्लिंकरचाच काही अंश बदलून दुसरे द्रव्य घालण्याचे महत्त्व येथे आहे.

सिमेंटमध्ये पाणी मिसळले म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा बांधून ठेवणारा पदार्थ निर्माण होतो व त्याबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोकळा होतो. ह्या दुसऱ्या पदार्थाचा बळकटीला फारसा उपयोग नसतो. परंतु त्याच्या संगतीस अस्फटिक स्वरूपातील बारीक सिलिका असेल, तर त्या दोहोंच्या संयोगाने आणखी कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतो. ह्या क्रियेस पोझोलानिक क्रिया म्हणतात. उडती राख ही क्रिया करते. लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी पाण्याने एकदम थंड केली असता तिला स्वतःचीच काही बंधनशक्ती असते. बगॅसच्या राखेतही सिलिका भरपूर असते. मात्र तिच्यातील काही सिलिका उसाबरोबर आलेल्या मातीतील वाळूची, म्हणजे स्फटिकरूप व निष्क्रिय असते. बॉयलरचे तापमान सामान्यतः ८०० अंशांच्या पुढे गेले तर सक्रिय सिलिकाही स्फटिकरूप होऊ लागते. उलट ज्वलन अपुरे राहिले तर राखेत न जळलेला कार्बन उरतो व तो मिश्रणातील पाणी शोषून घेतो. एकाच कारखान्याची एकाच हंगामातील राखसुद्धा सारखी नसते. ही विविधता पुढील विवेचनात फार महत्त्वाची ठरणार आहे.

पूर्वज्ञानाचा संचय

पेटंटचा परीक्षक आरंभ करतो तो पूर्वज्ञानाच्या शोधापासून. जगभरची पेटंटे ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लावलेली असतात त्यात सिमेंट, काँक्रीट व कृत्रिम दगड ह्यांचा वर्ग ‘सी ०४ बी’ हा आहे. त्यातील सातव्या गटात जलीय सिमेंटे, अठराव्यात भराव म्हणून वापरावयाची टाकाऊ द्रव्ये व अठ्ठाविसाव्यात मिश्रणे येतात. ह्या गटांमधील संचय विलक्षण मोठा आहे, आणि त्याची पाळेमुळे आपल्याच भूमीतही आहेत. विटांचे बारीक चूर्ण, म्हणजे सुरखी, चुन्याच्या घाणीत मळून बांधकाम करण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रूढ होती. भाजलेली माती चुन्याशी संयोग पावून पाण्यातही कठीण होते हे ज्ञान गवंड्यांस होतेच. त्याचे रासायनिक नाव तेवढे नंतर आले.

लिखित इतिहासही लांब आहे. जोसेफ ॲस्प्डिन ह्याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतले. झोतभट्टीच्या मळीचा बंधक गुण जर्मनीत एमिल लांगेन ह्याने १८६२ साली ओळखला. अमेरिकेत डेव्हिस व त्याच्या सहकाऱ्यांनी उडत्या राखेच्या काँक्रीटवरील निबंध १९३७ साली प्रसिद्ध केला आणि १९५३ साली पूर्ण झालेल्या हंग्री हॉर्स धरणात ती राख मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतीय मानकांत मळीमिश्रित सिमेंटचे आय. एस. ४५५ हे मानक १९५३ साली व पोझोलानायुक्त सिमेंटचे आय. एस. १४८९ हे मानक १९६२ साली निघाले. २०१५ च्या सुधारित मानकांनुसार राखयुक्त सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के व मळीयुक्त सिमेंटमध्ये मळीचे प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकते. म्हणजेच ‘सिमेंटमध्ये पंचवीस टक्के उडती राख’ हा दावा आज कोणी केला, तर परीक्षकास परदेशी ग्रंथ धुंडाळण्याचीही गरज नाही. दुकानातील पोत्यावरच त्याचे उत्तर छापलेले असते.

बगॅसच्या राखेची गोष्ट ह्याहून फार निराळी नाही. क्यूबातील मार्तिरेना एर्नांदेस व सहकाऱ्यांचा साखर उद्योगातील टाकाऊ द्रव्ये व चुना ह्यांच्या बंधकावरील निबंध १९९८ चा आहे. सिंग, सिंग व राय ह्यांनी बगॅस-राखमिश्रित पोर्टलँड सिमेंटच्या जलसंयोगाचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. गणेशन, राजगोपाल व तंगवेल ह्यांचे मूल्यमापन २००७ चे आहे, आणि बहुरुद्दीन व संथानम ह्यांनी राखेवरील निरनिराळ्या संस्कारांचा परिणाम २०१५ साली तपासला. चाळणे, दळणे, पुन्हा जाळणे ह्या तिन्ही कल्पना ह्या वाङ्मयात आलेल्या आहेत. तेव्हा ‘बगॅसची राख दळून सिमेंटमध्ये मिसळणे’ एवढ्या वाक्यात नावीन्य उरत नाही, मग ती राख माळशिरसची असो वा पंढरपूरची.

ह्याचा अर्थ वाट बंद झाली असा मात्र नव्हे. एक उदाहरण बोधप्रद आहे. भारतात जन्मलेले व कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करणारे पी. कुमार मेहता ह्यांना भाताच्या तुसाच्या राखेसंबंधी अमेरिकेचे पेटंट १९७८ साली मिळाले. तुसात सिलिका असते ही गोष्ट तेव्हाही जुनीच होती. मेहतांनी भर दिला तो ज्वलनाच्या नियंत्रणावर: तूस अशा रीतीने जाळावे की राखेतील सिलिका अस्फटिक राहील, आणि त्या राखेपासून जलीय सिमेंट करावे. टाकाऊ द्रव्याचे नाव हे त्यांच्या शोधाचे सार नव्हते. ज्वलनाची अवस्था, राखेची रचना व सिमेंटचा गुण ह्या तिहींमधील कार्यकारणसंबंध हे ते सार होते.

कायद्याची कलमे

भारतातील पेटंटचा कायदा १९७० चा असून तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २००२ व २००५ साली त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. कलम २ अन्वये शोध नवा असला पाहिजे, त्यात शोधकतेचा अंश असला पाहिजे आणि तो उद्योगात उपयोगी पडणारा असला पाहिजे. शोधकतेची व्याख्या अशी की विद्यमान ज्ञानाच्या मानाने तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावीत, आणि शिवाय त्या विषयातील कुशल व्यक्तीस ती गोष्ट उघड वाटू नये. ह्यातील ‘शिवाय’ महत्त्वाचा आहे. सिमेंट स्वस्त झाले एवढ्याने आर्थिक महत्त्व सिद्ध होईल. उघडपणाचा आक्षेप मात्र तसाच उभा राहील.

मिश्रणांच्या बाबतीत सर्वांत कठीण अडसर म्हणजे कलम ३ चा ‘ई’ खंड. घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते अशा निव्वळ मिश्रणाने मिळणारा पदार्थ, किंवा तो करण्याची रीत, हा शोध मानला जात नाही. त्याच कलमाचा ‘डी’ खंड ज्ञात पदार्थाचा नवा गुण अथवा नवा उपयोग नुसता आढळणे हेही शोधाच्या कक्षेबाहेर ठेवतो. ‘पी’ खंड पारंपरिक ज्ञानास व त्याच्या ज्ञात घटकांच्या गुणांच्या जुळवाजुळवीस वगळतो. सुरखीच्या धर्तीवरील मिश्रण घेऊन येणाऱ्या अर्जदारास ह्या शेवटच्या खंडाचीही आठवण ठेवावी लागेल.

शोधकतेचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ ह्या खटल्यात विशद केला. तो वाद कातावयाचे भांडे यंत्रावर धरून ठेवण्याच्या साधनाबद्दलचा होता. ज्ञात गोष्टीत केलेली सुधारणा कारखान्यातील नेहमीच्या कौशल्याच्या पलीकडे गेली पाहिजे, आणि ज्ञात घटकांच्या जोडणीतून नवा किंवा अधिक चांगला अथवा स्वस्त परिणाम साधताना त्या जोडणीत स्वतंत्र शोधकता दिसली पाहिजे, हा त्या निर्णयाचा आशय. ते पेटंट टिकले नाही. भांड्यांच्या यंत्राला लावलेला हा दंडक राखेच्या मिश्रणालाही जसाच्या तसा लागू पडतो.

बेरीज कोणती व परस्परक्रिया कोणती?

आता एक काल्पनिक अर्ज डोळ्यांपुढे आणू. अर्जदाराचे म्हणणे असे की क्लिंकर-सिमेंटच्या वजनाच्या २० टक्के भागाऐवजी निम्मी उडती राख व निम्मी बगॅसची राख घातली असता बळकट सिमेंट मिळते. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरलेले आहेत. अठ्ठावीस दिवसांनंतर शुद्ध सिमेंटच्या ठोकळ्याची दाब सहन करण्याची शक्ती दर चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन आहे. २० टक्के उडती राख घातल्यास ती ४६ होते. २० टक्के बगॅसची राख घातल्यास ४२. मग दोन्ही प्रत्येकी १० टक्के घातल्यास निव्वळ बेरजेच्या हिशेबाने ४४ अपेक्षिता येईल. प्रयोगात ४४.८ आले व मोजणीतील विचलन १.५ असले, तर अर्जदाराने काहीच दाखविले नाही. ‘ई’ खंडाचा आक्षेप अबाधित राहतो. तेच मूल्य अनेक वेळा ५१ आले, तर विचार करण्याजोगे काही घडले आहे असे म्हणता येईल.

परंतु परीक्षक एवढ्यावर थांबत नाही. पहिली शंका अशी की ४४ हा मधला आकडा हीच मुळी खरी अपेक्षा कशावरून? राखेचे प्रमाण व बळकटी ह्यांचा संबंध सरळ रेषेचा असेलच असे नाही. १० टक्के बगॅसची राख एकटी घातली असतानाच बळकटी वाढत असेल, तर वाढीचे श्रेय जोडीला देता येणार नाही. म्हणून दोन राखांची प्रमाणे ०:२०, ५:१५, १०:१०, १५:५ व २०:० अशी संपूर्ण मालिका, आणि शिवाय प्रत्येक राखेची एकटीची मालिका, नोंदवहीत असली पाहिजे. दुसरी शंका बारीकपणाची. अतिसूक्ष्म कण कोणतेही असोत, ते पोकळ्या भरतात व जलसंयोगाला बीजस्थाने पुरवितात. वाढ केवळ ह्यामुळे झाली काय, हे पाहण्यासाठी तितक्याच बारीक दळलेल्या निष्क्रिय क्वार्ट्झचा तुलनाप्रयोग करावा लागतो. तिसरी शंका कारणाची. कॅल्शियम हायड्रॉक्साइड खरोखर अधिक खर्च झाला काय, हे तापवून वजनातील घट मोजण्याच्या पद्धतीने दाखविता येते. क्ष-किरण विवर्तनाने त्यास दुजोरा मिळतो. बगॅसच्या राखेतील पोटॅशियममुळे उडत्या राखेची काच लवकर विरघळते असे अर्जदाराचे प्रतिपादन असेल, तर ते पोटॅशियम धुऊन काढलेल्या राखेवरही तोच प्रयोग केला पाहिजे. परिणाम नाहीसा झाला, तर प्रतिपादनास बळ येते.

एवढे सारे दाखविल्यावरही उघडपणाचा प्रश्न उरतो. अल्कलीने मळी वा राख उत्तेजित करण्याची कल्पना नवी नाही. ग्लुखोव्स्की ह्यांनी कीव्ह येथे तिचा विकास १९५० नंतरच्या दशकात केला, आणि फ्रान्सचे जोसेफ दाविदोविट्स ह्यांना खनिज बहुवारिकांसंबंधी अमेरिकेचे पेटंट १९८२ साली मिळाले. कुशल व्यक्तीने हे वाङ्मय वाचले आहे असे परीक्षक गृहीत धरतो. बगॅसच्या राखेत पोटॅशियम असते व पोटॅशियम अल्कली आहे, एवढ्या दोन विधानांवरून कुशल व्यक्ती त्या जोडीपर्यंत सहज पोहोचली असती काय? अर्जदाराचे खरे उत्तर ज्ञात वाङ्मयाच्या विरुद्ध जाणाऱ्या एखाद्या निष्पत्तीत सापडण्याचा संभव अधिक. उदाहरणार्थ, सर्वांनी टाळावयास सांगितलेला न जळलेला कार्बन एका विशिष्ट मर्यादेत व विशिष्ट संस्कारानंतर उपकारक ठरतो असे सिद्ध झाले, तर त्यास उघड म्हणणे कठीण जाईल.

वर्णनाची पूर्तता

कायद्याच्या कलम १० प्रमाणे विनिर्देशात शोधाचे पूर्ण वर्णन, तो अमलात आणण्याची अर्जदारास ज्ञात असलेली सर्वोत्तम रीत व नेमके दावे असले पाहिजेत. पेटंट म्हणजे समाज व शोधक ह्यांच्यामधील करार होय. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची मक्तेदारी शोधकास मिळते, आणि तिच्या मोबदल्यात समाजास संपूर्ण ज्ञान मिळावयाचे असते. राखेच्या बाबतीत ह्या कराराचा भंग नकळत होतो. ‘अमुक साखर कारखान्याची राख’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. पुढील हंगामात तोच कारखाना निराळी राख देईल.

म्हणून द्रव्याची ओळख त्याच्या मोजता येणाऱ्या गुणांनी करून द्यावी. उडत्या राखेच्या आय. एस. ३८१२ ह्या २०१३ च्या मानकाने येथे चांगला धडा घालून दिला आहे. सिलिकायुक्त राखेत सिलिका, ॲल्युमिना व लोह-ऑक्साइड मिळून निदान ७० टक्के, तापविल्यावर होणारी घट अधिकात अधिक ५ टक्के आणि बारीकपणा दर किलोग्रॅमला निदान ३२० चौरस मीटर, अशा मर्यादा त्यात आहेत. बगॅसच्या राखेसाठी ह्यांच्या जोडीला अस्फटिक सिलिकेचे प्रमाण स्वतंत्रपणे दिले पाहिजे. कारण एकूण सिलिकेच्या आकड्यात वाळूही मोजली जाते. दाव्यांची व्याप्तीही प्रयोगांच्या मर्यादेत असावी. तीन नमुन्यांवर प्रयोग करून ‘कोणत्याही वनस्पतीची कोणतीही राख, १ ते ९९ टक्के’ असा दावा करणारा अर्जदार पूर्वज्ञान व अपुरे वर्णन असे दोन्ही आक्षेप स्वतःवर ओढवून घेतो. वनस्पतिजन्य द्रव्य वापरल्यास त्याचे मूळ व भौगोलिक स्थान सांगण्याचा प्रश्नही परीक्षणात उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर हाताशी ठेवावे.

परीक्षणाचा क्रम आणि प्रसिद्धीचा धोका

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. सामान्यतः अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्याचे परीक्षण आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ही मुदत ४८ महिन्यांऐवजी ३१ महिन्यांची झाली आहे. परीक्षक पूर्वज्ञानाचा शोध घेऊन आपला अहवाल नियंत्रकाकडे देतो व आक्षेपांचे पहिले पत्र अर्जदाराकडे येते. उत्तरासाठी सहा महिने मिळतात व ती मुदत आणखी तीन महिने वाढविता येते. आक्षेप कायम राहिल्यास अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेऊन नियंत्रक निर्णय देतो. शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत २०२१ च्या नियमांनी मिळाली आहे. तेव्हा आपल्या संशोधकांच्या मार्गातील खरा अडथळा खर्चाचा नसून क्रमाचा आहे.

विद्यापीठीय जीवनाचा ओघ प्रसिद्धीकडे असतो. परिषदेत निबंध वाचला जातो, नियतकालिकात लेख येतो, प्रबंध शोधगंगेवर उपलब्ध होतो. अर्जाच्या आधी झालेली अशी प्रत्येक प्रसिद्धी शोधकाच्या स्वतःच्याच विरुद्ध पूर्वज्ञान म्हणून उभी राहू शकते. कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या किंवा तिच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची सवलत आहे खरी. परंतु ती मर्यादित आहे. प्रत्येक नियतकालिक म्हणजे विद्वत्सभेचे कार्यवृत्त नव्हे, आणि अन्य देशांतील कायदे ही सवलत मानतीलच असे नाही. ठोकळे प्रयोगशाळेत राहतात तोवर चिंता नाही. पण त्याच मिश्रणाचा रस्ता किंवा फरसबंदी सार्वजनिक जागी घातली म्हणजे जाहीर वापराचा प्रश्न येतो. कलम ३२ वाजवी चाचणीपुरती एका वर्षाची मुभा देते, मात्र तशी चाचणी त्या शोधाच्या स्वरूपामुळे आवश्यक होती हे दाखवावे लागते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे परिषदेपूर्वी तात्पुरता विनिर्देश दाखल करणे व बारा महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश देणे. अठ्ठावीस व नव्वद दिवसांच्या कसोट्या तेवढ्या अवधीत सहज आटोपतात.

पेटंट, मानक आणि लोकहित

एक गैरसमज आवर्जून दूर करावयास हवा. पेटंट मिळाले म्हणजे पदार्थ बांधकामास योग्य ठरला असे नव्हे. दुसऱ्यांस तो पदार्थ करण्यापासून रोखण्याचा अधिकार म्हणजे पेटंट. तो वापरण्यास सुरक्षित आहे ह्याची ग्वाही निराळ्या वाटेने मिळवावी लागते. काँक्रीटविषयीच्या २००० सालच्या आय. एस. ४५६ ह्या संहितेत उडती राख, सिलिका-धूलि, भाताच्या तुसाची राख, मेटाकेओलिन व मळी ह्यांची नावे आहेत, बगॅसच्या राखेचे नाही. उत्कृष्ट पेटंट पदरी असूनही संरचनेच्या काँक्रीटमध्ये द्रव्याला प्रवेश नाही, अशी स्थिती संभवते. उलट मानकात स्थिरावलेल्या द्रव्याच्या साध्या वापरावर पेटंट मिळण्याची आशा नसते.

परीक्षणाची काटेकोरता अर्जदारास जाचक वाटते. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. केंद्र शासनाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर राखेच्या संपूर्ण विनियोगाची जबाबदारी टाकली आहे. राखेच्या विटा पाडणारा लहान कारखानदार, राखयुक्त सिमेंट वापरणारा ठेकेदार, चिपाडाच्या राखेची विल्हेवाट लावू पाहणारा सहकारी साखर कारखाना ह्या सर्वांचे व्यवहार अशा राखेवर चालणार आहेत. ‘सिमेंट व राख ह्यांचे मिश्रण’ अशा सैल दाव्यावर कोणास मक्तेदारी मिळाली, तर हे सारे लोक आजवर जे करीत आले त्यासाठीच परवानगी मागत फिरतील. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मिळेपर्यंत कोणासही कलम २५ अन्वये विरोध नोंदविता येतो, आणि पेटंट मंजूर झाल्याची प्रसिद्धी झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीस पुन्हा विरोध करता येतो. पूर्वप्रसिद्धी, भारतातील पूर्वज्ञान व पूर्ववापर, उघडपणा आणि अपुरे वर्णन ही त्याची मान्य कारणे होत. विद्यापीठाच्या विभागाने केवळ आपल्या अर्जांचा विचार न करता, आपल्या विषयातील प्रसिद्ध होणाऱ्या अर्जांवर लक्ष ठेवणे व आवश्यक तेथे पूर्वज्ञान पुढे मांडणे हेही संशोधनकार्यच समजले पाहिजे.

ह्यावरून आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा असे सुचवावेसे वाटते. विषय निश्चित करण्यापूर्वीच पेटंट-संग्रह व नियतकालिके दोन्ही पाहावीत. राखेचा प्रत्येक नमुना तारीख, बॉयलरमधील जागा, तापमान व संस्कार ह्यांसह नोंदवावा. प्रमाणांची पूर्ण मालिका व निष्क्रिय द्रव्याचा तुलनाप्रयोग पहिल्या दिवसापासून आखावा. बेरजेपलीकडचे काही दिसल्यास त्याचे कारण शोधावे, आणि ते हाती येताच निबंधाआधी विनिर्देश लिहावा. बेरजेपलीकडचे काही दिसले नाही, तर पेटंटचा नाद सोडून निःसंकोचपणे निबंध प्रसिद्ध करावा. तोही व्यर्थ जात नाही. बगॅसच्या राखेचे मानक कधी काळी तयार झाले, तर ते अशाच प्रामाणिक आकड्यांवर उभे राहील, आणि त्या आकड्यांवर कोणाची मक्तेदारी असणार नाही.